तीन बाटल्या आणि जयाबेनचं नाक

रविवार, १६ फेब्रुवारी १९९७. मीरा रोड, बेव्हर्ली पार्क, आपल्या इमारतीची गच्ची.

हजर: तुमचा भाचा श्रीकांत, पुण्याहून. तुमच्या समोरच्या दारातल्या जयाबेन. खाडीकाठच्या राई गावची पारूबाय, मासळीच्या टोपलीसकट. माझी अस्मिता. सोसायटीचे सेक्रेटरी. मी. शिवाय सगळ्या मजल्यांवरची माणसं. त्यांची नावं लिहीत बसले तर मुद्द्याचं राहून जाईल. उशिरा आलेले: सेक्रेटरी, खाली पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडण चाललं होतं म्हणून. न आलेले: कोणी नाही.

कुंदाताई, विधी नकोत, सगळ्यांना जेवायला घाला, एवढंच तुम्ही सांगून ठेवलं होतं. तसं केलं. वरण, भात, मेथीची भाजी आणि प्रत्येक पानात लिंबाची फोड. फोडी मोठ्या कापल्या, नाहीतर तुमचा आवाज जिन्यातून वर आला असता. जेवणं आटोपली आणि श्रीकांतने, बिचाऱ्याला काय माहीत, खालच्या टपरीवरून सगळ्यांसाठी चहा मागवला. पेले फिरले. कोणी ओठाला लावेना.

"कुंदाबेन बोलती थी," जयाबेन हळूच म्हणाल्या, "खाने के बाद तुरंत चाय नहीं. लोहा बदन में लगता नहीं."

"तासभर थांबायचं," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी पेला पायाशी ठेवला.

मग सगळ्यांनीच ठेवले. डोळे पुसणारी माणसं डोळे पुसायची थांबली आणि घड्याळं बघायला लागली. श्रीकांत माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी पारूबायने पेला उचलला. "माजे आंगान लोखंड मोप हाय. मी पितंय," म्हणाली आणि भुरका मारला. तिच्यामागून मीही प्यायले. तुमच्या डोळ्यांदेखत पीत होते, तुमच्या पाठीमागे का सोडू? तो वाद आपला मिटलेला नाही.

तुम्ही कुठल्या प्रयोगशाळेत होता, निवृत्त कधी झालात, तुम्हाला कसले मान मिळाले, ते श्रीकांतने छान सांगितलं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला आपली भांडणं पुढे चालवायची आहेत.

तुमच्याशी भांडायची सोय होती, कारण तुम्ही हरायला तयार असायचात. ते वनस्पती तुपाचं आठवतं? इमारत नवी होती, आपण सगळे नुकते राहायला आलो होतो, आणि तुम्ही आल्या आल्या जाहीर केलंत की साजूक तूप हृदयाला बरं नाही, त्यापेक्षा वनस्पती तूप परवडलं. जयाबेननी तुमचं ऐकून लाडूसुद्धा त्यात वळले. मग काही वर्षांनी तुमच्या जुन्या सहकाऱ्याने मुंबईहून झेरॉक्सचा गठ्ठा पाठवला. नवीन संशोधन आलं होतं: तेल घट्ट करताना त्यात जी चरबी तयार होते, तीच हृदयाला जास्त वाईट. दुसरं कोणी असतं तर गठ्ठा कपाटात ठेवून गप्प बसलं असतं. तुम्ही त्याच संध्याकाळी चप्पल घालून वरच्या मजल्यापासून खालपर्यंत प्रत्येक दाराची घंटा वाजवलीत. "मी सांगितलं होतं ते चूक होतं. वनस्पती बंद करा."

जयाबेन केवढ्या चिडल्या! "इतने साल मैंने घी छोड़ा, किसके लिए?"

"मेरे लिए," तुम्ही म्हणालात. "अभी मेरे लिए ही वापस शुरू करो. मगर थोड़ा."

त्या दाराशी उभ्या राहून हसायला लागल्या. मी जिन्यात होते. त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात मानलं. तोंडावर कधी म्हटलं नाही, ते आत्ता म्हणते.

पण आपली ओळख तुपाने नाही, जवळ्याने झाली.

बोटाच्या पेरापेक्षाही लहान ती वाळवलेली कोळंबी. इकडे तिला जवळा म्हणतात, आमच्याकडे परभणीला सुकट. कांदा, लसूण, लाल तिखट आणि गरम भाकरी. नव्या घरात गॅस लावला तेव्हा पहिल्या रविवारी मी तीच केली. घरात असले की मला सुकट लागते. दुसऱ्या दिवशी खालच्या फळ्यावर नोटीस: इमारतीत सुकी मासळी भाजू नये. हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन भाषांत, म्हणजे कळलं नाही म्हणायची सोय नाही. तक्रार जयाबेनची होती, हे कोणी सांगावं लागलं नाही. त्यांचं दार माझ्या बरोबर खाली, आणि खिडकीतून येणारं काहीही त्यांना सगळ्यात आधी कळतं.

संध्याकाळी घंटा वाजली. दारात तुम्ही. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा गळ्यात. मी भांडायच्या तयारीतच होते.

"बोला. तुम्हालाही वास आला का?"

"आला. जवळा चांगला होता. पण आच मोठी ठेवली होतीत तुम्ही. जरा करपला."

मी विचारलं, "तुम्ही खाता?"

"नाही हो. आमच्याकडे कोणीच खात नाही. पण मी आयुष्यभर मासळीवरच काम केलंय."

मी मोठ्याने हसले. मासळीवर आयुष्य काढलेली शाकाहारी बाई! चहा टाकला. तुम्ही विचारलंत, जेवून किती वेळ झाला. तिथूनच सुरुवात.

नोटिशीनंतर मी जवळा भाजायचा बंद केला. भांडायला मला वेळ नव्हता. ऑफिस, घर, टँकर कधी येतो यावर नजर. आणि खरं सांगायचं तर जुनी सवय उपयोगी पडली. गावी आमची आई सुकट भाजताना दार लावून घ्यायची. बाहेरून जाणारे लोक नाकाला पदर लावतात, ते बघायला नको म्हणून. दार लावून भाजण्यापेक्षा न भाजलेलं बरं, असं मी ठरवलं.

मग अस्मिताला शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर आली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बरंच कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की पोरीला मळमळायचं, मग ती गोळी कुंडीत पुरायची. आमच्या मनीप्लांटला इतकी टवटवी का आली, ते मला नंतर कळलं. तुमच्याकडे रडायला आले. तुम्ही रडू दिलं नाहीत, प्रश्न विचारलेत. ती काय खाते? काय आवडीनं खाते? काय खायची बंद झाली?

"सुकट," मी म्हटलं. "तेवढी एक पोटभर खायची."

"मग ती परत यायला हवी."

"नोटीस आहे फळ्यावर."

"नोटीस वासावर आहे, शोभा. जवळ्यावर नाही. वास काढू."

तुम्हाला पोरीचं रक्त भरायचं होतं आणि मलाही. पण वास काढायचा हे ऐकून माझं डोकं तापलं. आपलं मोठं भांडण ते. तुम्ही मला समजावत होता, मासळीचा वास म्हणजे हवेत उडणारे कण, आंबट काही घातलं की ते खाली बसतात, अगदी साधी रसायनाची गोष्ट. कोकम घालू, झाकण ठेवू, आच कमी करू.

"आणि आम्ही काय खातो ते कुणाला कळू नये, असंच ना?" मी म्हटलं.

"अगं, वास म्हणजे वाफ. वाफेला जात नसते."

"वाफेला नसते. नाकाला असते."

तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात.  शेवटी म्हणालात, "बरोबर आहे तुझं. पण तुझी पोर आज फिकट आहे. नाकं बदलायला वेळ लागेल. तोवर कोकम घालू का?"

मी हो म्हटलं. पटलं म्हणून नाही, अस्मितासाठी. आणि तुम्हाला तेही माहीत होतं.

पुढचं सगळं तुमच्या पद्धतीनं. इमारतीत भाजायचं नाही, म्हणून रविवारी आपण राईला पारूबायकडे जायचो. ती आपल्याकडे सुकी मासळी विकायला यायची, तिला तुम्ही आधीच फितवलं होतं. तिच्या अंगणाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला बिल्डरचं कुंपण. मधे जी जागा उरली तिथे जुन्या जाळ्यावर जवळा वाळत पडलेला. तुम्ही आल्या आल्या त्यात वाळू शोधायला लागायचात. "पारू, हा जमिनीवर नको गं घालूस. उंच मांडव कर."

"उंच घातला तं वारा नेल, बाय. मंग तू खारीन जाऊन येचून आनशील?"

"खाटेवर जाळं बांध."

"खाट नवऱ्याला लागतं."

शेवटी दुपारी नवरा खाटेवर नसतो, हा तोडगा निघाला. त्या खाटेवरचा जवळा पारूबाय अजून वेगळा ठेवते आणि दोन रुपये जास्त लावते.

आणि त्याच अंगणात तो प्रसंग. चुलीवर चटणी झाली. तुम्ही चमच्याने चिमूटभर तोंडात घेतलीत, डोळे मिटून चावलीत, आणि वाटीत थुंकून चूळ भरलीत. प्रयोगशाळेत चव बघणारे असंच करतात, हे मला तुम्ही सांगितलं होतं. पारूबायला कोणी सांगितलं नव्हतं.

"काय गं बाय! माजे घरान अन्न थुकतेस?"

"अगं तसं नाही, चव घेताना गिळायचं नसतं. पुढचा नमुना नीट कळत नाही."

"ही काय तुजी ल्याब हाय? ह्यो माजा घर हाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. मग तुम्ही पारूबायच्या हातून तांदळाच्या भाकरीचा तुकडा घेतलात, त्यावर चटणी, आणि गिळलात. आम्ही दोघी तुमच्या तोंडाकडे बघत. तुम्ही पाणी प्यायलात आणि म्हणालात, "मीठ जास्त आहे."

येताना बसमध्ये खिडकीशी बसलात. मग म्हणालात, "शोभा, घशाखाली गेल्यावर चव वेगळी कळते गं. इतकी वर्षं मी अर्धाच नमुना तपासत होते." ताई, आमच्या आईच्या दारावरून नाकाला पदर लावून जाणारी माणसं मला त्या दिवसापासून जरा कमी आठवायला लागली. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

नमुना तयार झाला, आता परीक्षक हवा. तुमचं म्हणणं, ज्याला वास सगळ्यात आधी येतो तोच आपला परीक्षक. मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. तुम्ही सरळ जयाबेनकडे गेलात.

"जयाबेन, पूरे मीरा रोड में आपके जैसी नाक नहीं है."

"मछली सूंघूँ? मैं? पागल हो गए क्या, कुंदाबेन?"

"खाना नहीं है, छूना भी नहीं है. बस सूंघना है. शोभा की बेटी के लिए."

अस्मिताला त्यांनी जिन्यात धापा टाकत बसलेलं पाहिलं होतं. थोडा वेळ दाराची कडी खालीवर करत राहिल्या. मग म्हणाल्या, "घर के अंदर नहीं लाना. पॅसेज में."

आणि मग तो तमाशा वर्षभर चालला. पॅसेजमध्ये स्टुलावर जयाबेन, समोर कॉफीच्या तीन रिकाम्या बाटल्या, तोंडाला फडकं बांधलेल्या. दोन बाटल्यांत एकच माल, तिसरीत वेगळा. वेगळी कुठली ते ओळखायचं. बाटल्यांवर एक, दोन, तीन लिहायचं नाही, नाहीतर माणूस पहिल्या नंबराकडे झुकतो, म्हणून ४१७, ८५३ असे काहीतरी आकडे. परीक्षेआधी अगरबत्ती बंद, हिंगाची फोडणी बंद, पावडर बंद. मधे नाक ताजं करायला जयाबेननी आपल्याच पदराचा वास घ्यायचा. सुरुवातीला त्या तिन्ही बाटल्या हुंगून म्हणाल्या, "तीनों गंदे हैं."

"मगर अलग कौनसा?"

"वो बीच वाला. वो कम गंदा है."

तुमचा चेहरा असा फुलला, जणू पोरीचा निकाल लागला. त्यातली कोकमाची बाटली बरोबर तीच होती. त्या दिवसापासून रविवारी सकाळी जयाबेन स्वतःच स्टूल बाहेर ठेवायला लागल्या. तुम्हाला उशीर झाला की माझ्याकडे वर येऊन विचारायच्या, "आज बोतल नहीं है क्या? मैंने अगरबत्ती रोक के रखी है."

इकडे अस्मिताला तुम्ही परत डॉक्टरांकडे पाठवलंत, गोळी बदलून घेतलीत, जेवणानंतर घ्यायची ठरलं. कुंडीवर पाळत ठेवलीत. राईत भाजलेली चटणी डब्यातून यायची, ती भाकरीशी, वर लिंबू. पुढच्या वेळी रक्त तपासलं तेव्हा रिपोर्ट चांगला आला. मी पेढे घेऊन तुमच्याकडे धावत आले आणि म्हटलं, "ताई, जवळ्याने केलं!"

"गोळ्यांनी केलं," तुम्ही म्हणालात. "जवळ्याने हातभार लावला असेल. पण ते सिद्ध करायचं तर मुलींचे दोन गट पाडावे लागतील, एका गटाला नुसत्या गोळ्या, दुसऱ्याला गोळ्या आणि चटणी. तुझ्याकडे एकच मुलगी आहे."

मग पेढा घेतलात. दुसराही. साखरेबद्दलचं तुमचं संशोधन त्या दिवशी कुठे गेलं होतं?

रक्त भरलं, पण नोटीस फळ्यावरच राहिली. चटणी राईहूनच यायची. तुमचं म्हणणं, अजून थोडा वास उरलाय, तो गेला की आपण जयाबेनकडूनच नोटीस काढून घेऊ. माझं म्हणणं, वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं तर आपण दोघी म्हाताऱ्या होऊ. तुम्ही म्हणालात, मी झालेच आहे.

तुमची एक अंधश्रद्धा होती. बोलायला हवं का? होती. निकाल लागल्याशिवाय कृती कागदावर आणायची नाही. मी किती वेळा म्हटलं, ताई, प्रमाण लिहून ठेवा, किती कोकम, किती वेळ, कुठली आच. तुमचं उत्तर ठरलेलं: "लिहिलं की मी त्या कृतीच्या प्रेमात पडते. मग ती हरली तरी मला जिंकल्यासारखी दिसते. जयाबेनचा कौल आला की लिहू." माझ्यासारख्या बाईला, जी दूधवाल्याचा खाडासुद्धा लिहून ठेवते, हे ऐकून अंगावर काटा यायचा.

मागच्या महिन्यात तुम्ही एकट्याच राईला गेलात. माझं ऑफिसचं ऑडिट होतं. आल्यावर जिन्यातून ओरडून म्हणालात, "शोभा, या वेळेला काहीतरी जमलंय!" रविवारी बोलू म्हटलं. त्या रविवारी तुम्ही नव्हता.

काल मी आणि श्रीकांतने तुमचं स्वयंपाकघर आवरलं. फळीवर तीन बाटल्या, फडकी बांधलेल्या, आकडे घातलेले. मला हात लावायचं धैर्य होईना. म्हणून आज जेवणं झाल्यावर, चहाचा तो तास भरायची वाट बघत सगळे बसले होते तेव्हा, मी त्या गच्चीवर आणल्या. जयाबेनना काही सांगावं लागलं नाही. म्हणाल्या, "अगरबत्ती आज लगाई ही नहीं थी. फोटो के सामने भी नहीं." पदराचा वास घेतला. पहिली बाटली हुंगली, नाक मुरडलं. दुसरी हुंगली. परत हुंगली. फडकं सोडून आत चटणी आहे ना ते बघितलं, परत हुंगली. तिसरीला नाक मुरडलं.

"इसमें कुछ नहीं है," दुसरी बाटली हातात धरून त्या म्हणाल्या. "शोभाबेन, इसमें वास ही नहीं है. ये कैसे बनाया?"

मी पारूबायकडे बघितलं. तिनेच तर चूल दिली होती.

"मना काय म्हाईत? मी तवा बोंबील घालीत होती. बाय एकलीच चुलीशी बसलेली. कोकम घातला तो दिसला. मंग आनी कायतरी घातला. इचारला तं हसली निस्ती."

म्हणजे, ताई, तुम्ही जिंकलात आणि कशाने ते कोणालाच माहीत नाही. मला रडू येणार तेवढ्यात हसू फुटलं. मग जयाबेनना, मग श्रीकांतला. सेक्रेटरींना काही कळलं नाही, पण तेही हसले.

हसणं थांबल्यावर जयाबेन एकदम कामाला लागल्यासारख्या म्हणाल्या, "फिर से बनाना पड़ेगा. शुरू से."

"राईला जावं लागेल," मी म्हटलं.

"राई क्यों? अपने घर में बनाओ ना. मैं नीचे खिड़की में बैठूँगी. वास आता है कि नहीं, वहीं तो मालूम पड़ेगा." मग सेक्रेटरींकडे वळून, "और वो नोटिस निकालो. मैंने बोला था, अब मैं ही बोलती हूँ."

"पहले लगाओ, फिर निकालो," सेक्रेटरी पुटपुटले. पण खाली जाताना त्यांनी फळ्याची किल्ली काढलेली मी बघितली.

आता सगळे गेलेत. कामं वाटून दिली आहेत. श्रीकांत तुमचे झेरॉक्सचे गठ्ठे पुण्यातल्या एका कॉलेजच्या वाचनालयाला देईल. अस्मिता प्रमाणं लिहील. तिला बजावलंय, निकालाआधीच लिहायची, कुंदाआजीचं ऐकायचं नाही. पारूबायने खाटेवरचा जवळा ठेवलाय आणि जास्तीचे दोन रुपये आज घेतले नाहीत. कोकम भिजतंय. कढई ओट्यावर आहे.

तुम्हीच शिकवलंत की कुठल्याही प्रयोगात एक साधा नमुना लागतो, ज्याला काही केलेलं नाही. त्याच्याशिवाय बाकीचे कशाशी ताडून बघणार? तेव्हा पहिला घाणा तो. कोकम नाही, झाकण नाही. कांदा, लसूण, लाल तिखट, आणि सुकटीचा असेल तेवढा सगळा वास. आपलं भांडण त्यात मिटतं असं समजू नका. पण तुमच्या पद्धतीने माझंही एकदा होऊ दे.

दार उघडं ठेवलंय. खाली जयाबेन खिडकीशी स्टूल ओढतायत, इथपर्यंत आवाज येतोय. जवळा अजून भाजायचा आहे.